चिमाच्या पपनसाला भोक नाही

३० ऑगस्ट २०२५, शनिवार

सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. ड्युटी संपली की आधी वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांचा हिशोब, भरायचं, मगच घर. मे महिन्यात डेपोने शाल-नारळ देऊन घरी बसवलं, तेव्हापासून संध्याकाळ झाली की हात नुसता वळवळतो. म्हणून ही वही. कुणाला शहाणपण शिकवायला नाही. आणि चोरून वाचलंच कुणी तर त्याचे डोळे फुटोत.

यंदा गणपतीवर टांगायला माझ्या झाडाचं पपनस नाही. चाळीस धरली होती, दहा उरलीत, तीही कच्ची. बाकीची पिवळी व्हायच्या आधीच धप्प. प्रत्येकाला दाभणाने टोचल्यासारखं एक भोक आणि भोवती तपकिरी, पिचपिचीत डाग. अख्ख्या वाडीत हेच. पपनसं गेली, पेरू गेले, आणि गावकी चालवणारे भिकाजीभावजी, त्यांची मोसंबी तर सगळीच गेली.

फक्त वाडीतल्या म्हाताऱ्या चिमाच्या एकुलत्या एका झाडाला बारा पपनसं आहेत म्हणतात, आणि एकालाही भोक नाही. त्यातली दोन तिने भावजींच्या गणपतीला नेऊन दिली. त्यांनी ती पडवीत ठेवली, वर टांगली नाहीत. मी बघितलं, पण बोलले नाही. चिमाशी मी तशीही बोलत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस थांबला म्हणून अंगणाभोवतीचा चिऱ्यांचा गडगा झाडून काढला. गुळवेल काय माजलीय! चार वर्षांपूर्वी बोटभर कांडी लावली होती, आता गडगा दिसतच नाही. वेलीवर काळे सुरवंट लागलेत. अंगावर डोळ्यांसारखे मोठे ठिपके, आणि हात लावला की अंग वाकवून असे बघतात की जणू तिकीट मीच काढलेलं नाही. म्हटलं, खा बाबांनो, चांगली कडू आहे, तब्येत सुधारेल.

पडवीच्या भिंतीवर वाळकी पानं चिकटली होती, ती झाडूने उडवली. इथे तसल्या पानाचं झाड नाही, वाऱ्याने कुठून येतात कोण जाणे.

९ सप्टेंबर, मंगळवार

कृषी सहायक आला. नाव संदेश, मोटारसायकल नवीन. गाडीवरून न उतरताच म्हणाला, "फळमाशी आहे." चार सापळे दिले, दोन फोटो काढले.

मी म्हटलं, "उतर खाली." पडलेलं पपनस त्याच्यासमोर कोयत्याने चिरलं. "दाखव अळी. फळमाशी असती तर आत अळ्या वळवळल्या असत्या. दाखव!"

"मावशी, नसेल दिसत. बारीक असते."

"मला चष्मा दूरचा आहे रे, जवळची मुंगीची मिशीसुद्धा दिसते."

तो हसला आणि गाडीला किक मारून गेला. जाताना म्हणतो, अहवालात फळमाशीच लिहावं लागेल, दुसरा रकाना नाही. रकाना नाही म्हणून माशी! आमच्याकडे एसटीत असं चाललं असतं तर बैलाला पण ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट फाडलं असतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज डोकं फिरलंय. अक्षर वेडंवाकडं येणारच.

भावजींच्या अंगणात वाडी जमली होती. विषय फळांचा. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, ही भोकं दाभणाची आहेत. दुसरा म्हणाला, वाडीत दाभण रोज कुणाच्या हातात असतो? मग कुणीच नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना चिमाच्या घराकडे. ती गोणपाटं शिवते, पोफळीच्या झावळीचं रुंद सुकलेलं बूड असतं, त्या विऱ्या शिवते, दाभण तिच्या अंबाड्यात खोचलेला असतो. एकटी राहते. तिचं झाड तेवढं शाबूत. झालं, यांचा हिशोब जमला.

भावजी म्हणाले, "आपण कुणाचं नाव घेत नाही. पितृपक्ष संपू दे, नवरात्राच्या तिसऱ्या माळेला देवीला कौल लावू. देवी सांगेल."

कौल म्हणजे काय ते मला सांगायला नको. देवीच्या पाषाणाला गुरव पाकळ्या लावणार, भावजी गाऱ्हाणं घालणार, उजवी पाकळी पडली की हो. मी देवीला मानते. पण प्रश्न विचारणारा माणूसच असतो, आणि यांनी उत्तर आधीच खिशात घातलंय. एकदा "हो" आलं की चिमाला पाणवठा बंद, देऊळ बंद, मेली तर खांद्याला माणूस नाही. सत्तर वर्षांची बाई आहे ती.

मी उठून म्हटलं, "भावजी, एकटी मी पण राहते. दाभण माझ्या घरात पण आहे. उद्या माझा कौल लावणार काय?"

"वहिनी, तुमचं वेगळं."

"काय वेगळं? मला पेन्शन आहे म्हणून?"

कौलाला तेरा दिवस आहेत. कोण टोचतं ते मी शोधून काढणार. नाही काढलं तर विमला गोताड नाव लावणार नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

चार वर्षांनी चिमाच्या अंगणात पाय ठेवला. ती झाडाखाली बसून विरी शिवत होती. तिने मला बघितलं आणि बसायला पाट सरकवला. मी उभीच राहिले.

म्हटलं, "काकी, वाडीत काय बोलतात ते कळलं का?"

"कळला. माझे कान अजून हायत."

"तुझ्याच झाडाची फळं कशी राहिली?"

तिने वर बोट केलं. प्रत्येक पपनसाला विरीचं टोपडं शिवलेलं, खाली सुतळीची गाठ; रस्त्यावरून ती नुसती वाळकी झावळं वाटायची. "बांधतंय. आवस माझी बांधायची. राती पाखरू येतंय, तेच्या तोंडाक सोंड व्हती म्हणायची. इतकी वर्सा पाखरू नव्हता तरी बांधत व्हतंय. यंदा आलाय."

"मग हे सगळ्यांना सांगितलं का नाहीस?"

"इचारला कुणी?"

सोंडवालं पाखरू! म्हातारीच्या आईचं काहीतरीच. पाखराने फळाला टोचा मारला तर चोचीचा घाव मोठा असतो, हे कुणीही सांगेल. पण बांधल्यामुळे वाचलं हे खरं. म्हणजे जे काय आहे ते बाहेरून येतं आणि हाताने गाठ सोडत नाही. माणूस असता तर सोडली असती. हा माझा पहिला पुरावा.

निघताना तिने विचारलं, "तुझी अबोली कशी हाय?" मी तशीच चालू लागले. आमचं भांडण त्या अबोलीवरूनच. २०२१ च्या चैत्रात तिच्या शेळ्यांनी माझी सगळी अबोली खाल्ली. त्यानंतर महिन्याभरात आमचे हे आजारी पडले. पुढच्या आठवड्यात तिचा नवरा भागोजी. मी काढ्यासाठी गुळवेल आणून लावली होती, वाडीभर कांड्या वाटत होते, अगदी भावजींच्या फाटकापर्यंत नेऊन लावून दिली. ती पण मागायला आली होती. मी म्हटलं, शेळ्यांना घाल आधी, आणि रिकामी पाठवली.

हे गेले. पाच दिवसांनी भागोजी गेला. गुळवेलीने काही झालं नसतं हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रात्री झाडाखाली बसले. बॅटरीला मिठाईच्या डब्यावरचा लाल कागद रबराने बांधला, कारण पांढऱ्या उजेडात जे असेल ते पळेल असं वाटलं. साडेनऊपर्यंत डासांशिवाय कुणी नाही. मग फळावर दोन निखारे दिसले. बारीक, लाल, जोडीने. खोटं कशाला लिहू, घाबरले. म्हटलं, देवी, तू खरंच आहेस की काय या भानगडीत.

मग जवळ गेले आणि शिव्याच आल्या तोंडात. पान! भिंतीवरचं तेच वाळकं पान, फळावर बसून, तोंडातली सोंड सालीत खुपसून पीत होतं. आणि ते लाल निखारे म्हणजे त्याचे डोळे. चिमाचं पाखरू.

झाडू होता हातात. हाणला. जमिनीवर पडलं ते उचलून कागदात गुंडाळलं. सापडलास रे मेल्या! आज झोप येणार नाही, आनंदाने.

१७ सप्टेंबर, बुधवार

रत्नागिरीला जाऊन आले. शिफा म्हणजे माझी जुनी पासवाली. कॉलेजात होती तेव्हा रोज पहाटेच्या गाडीला यायची. एकदा पास घरी विसरली तर मी तिला पुढच्या सीटवर बसवून नेलं होतं, ती अजून ते विसरली नाही. आता प्राणिशास्त्र शिकवते.

पुडी उघडून तिने नाक मुरडलं. "विमलाताई, याला झाडूने मारलंत?"

"मग काय आरती करू?"

"पंखावरची पावडर गेली, मागचे पंख तुटले. हा रस शोषणारा पतंग असणार हे नक्की, पण याच्यासारख्या दोन-तीन जाती आपल्याकडे आहेत. मागच्या पंखावरचा काळा डाग बघितल्याशिवाय मी नाव सांगणार नाही. अंदाजाने बोलायला मी कृषी सहायक नाही." मी त्याची गोष्ट सांगितलेली तिला.

"अगं, तिथे एका बाईचं आयुष्य टांगलंय!"

"म्हणूनच. कुणी उलटा प्रश्न केला तर माझं सांगणं टिकायला हवं. जिवंत आणा."

परतीच्या गाडीत खूप राग आला तिचा. लांज्यापर्यंत टिकला. मग वाटलं, पोरगी बरोबर बोलली. फोटो नसलेल्या पासवर मी तरी कुणाला सोडलं असतं?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पकडलं! जिवंत! काल रात्री पपनसावर बसलेलं असताना वरून माझी कंडक्टरची चामड्याची पिशवी टाकली आणि तोंड आवळलं. सव्वीस वर्षांत त्या पिशवीतून काही निसटलं नाही, हे काय निसटणार. नंतर लोणच्याच्या मोठ्या बरणीत सोडलं, झाकणाला भोकं, आत पेरूची फोड.

सकाळी बरणीत वाळकं पान बसलं होतं. नखाने टिचकी मारली तेव्हा पुढचे पंख सरकले आणि खाली असा भगवा रंग, की मी दोन पावलं मागे गेले. त्यावर काळा, वाकडा डाग, काजूगरासारखा. इतकं देखणं काहीतरी माझ्या भिंतीवर बसत होतं आणि मी ते झाडूने उडवत होते.

२० सप्टेंबर, शनिवार

शिफाने बरणी खिडकीशी नेऊन भिंगाखाली बघितलं, पुस्तक उघडलं, परत बघितलं. मग म्हणाली, "गोल ठिपका असता तर दुसरी जात. हा वाकडा आहे. युडोसिमा फॅलोनिया. सोंडेला टोकाशी कानशीसारखे दाते असतात, संत्र्याची सालसुद्धा फोडतो. भोकातून बुरशी शिरते आणि फळ पडतं." तिने कॉलेजच्या कागदावर लिहून सही केली. मी तो कागद पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला, जिथे मोठ्या नोटा ठेवायचे.

मग तिने वहीत लिहायला घेतलं. ठिकाण, तारीख, कुठल्या फळावर. आणि सहज विचारलं, "जवळपास गुळवेल आहे का? याच्या अळ्या फळं खातच नाहीत. त्या गुळवेलीवर वाढतात. काळ्या असतात, अंगावर मोठे डोळ्यांसारखे ठिपके."

मी म्हटलं, "नाही."

असं पटकन तोंडातून आलं. बिनातिकीट पकडलेला माणूस म्हणतो ना, आत्ताच चढलो, तसं. तिने वहीत "नाही" लिहिलं.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

यांना पान ठेवलं. कावळा लगेच शिवला. मी मात्र जेवले नाही.

गडग्यावरचे सुरवंट मोजले. एकतीसला थांबले. मग वाडीतून एक चक्कर मारली. ज्या ज्या घरची फळं गेली, त्या त्या घराच्या कुंपणावर गुळवेल आहे. ती सगळी मी लावलेली. कोण टोचतं ते शोधून काढणार म्हणून छाती ठोकत होते. घ्या, काढलं शोधून.

कागदावर पतंगाचं नाव आहे. चिमाला सोडवायला तेवढं पुरेसं आहे. बाकीचं कुणी विचारणार नाही. शिफाला पण माहीत नाही. मग मी हे का लिहितेय?

२४ सप्टेंबर, बुधवार, तिसरी माळ

सगळं क्रमाने लिहिते.

देवळात आरती झाल्यावर गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावल्या. चिमा खांबाला टेकून बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. भावजींनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बाय माझे, लेकरांच्या तोंडचा घास कोण..." एवढ्यात मी उठले.

"भावजी, थांबा. देवीला विचारायच्या आधी हे बघा." बरणी समईपाशी ठेवली.

"वहिनी, वाळकं पान आहे ते."

"मी पण महिनाभर तसंच म्हणत होते." टिचकी मारली. भगवे पंख उघडले आणि पुढची रांग मागच्या रांगेवर कोसळली. मग मी सोंड दाखवली, शिफाचा कागद वाचला, चिमाच्या आवशीने काय सांगून ठेवलं होतं ते सांगितलं. म्हटलं, "ज्या बाईला हे एकटीला माहीत होतं, तिलाच तुम्ही चोर ठरवायला निघालात. आणि ज्या दाभणाने ती फळांना टोपडी शिवते, तो तुम्हाला हत्यार दिसला!"

कुणीतरी हसलं, वातावरण सैल झालं. मला वाटलं सुटले. पण भावजींनी गावकी चालवलीय वीस वर्षं, ते असे सोडतात होय? म्हणाले, "बरं, पतंग तर पतंग. पण इतकी वर्षं नव्हता, आत्ताच कसा आला? कुणी आणला? आणि हिला आधीपासून माहीत होतं म्हणजे..."

परत सगळ्यांच्या माना चिमाकडे. ती खाली बघत होती. तिच्या अंबाड्यात दाभण नव्हता. घरी ठेवून आली होती, भीतीने. ते बघितलं आणि माझं मस्तक फिरलं. त्यांच्यावर की माझ्यावर, ते अजून सांगता येत नाही.

"मी आणला," म्हटलं. "पतंगाची पिल्लं गुळवेलीवर वाढतात. आजारपणाच्या साली गुळवेल मी लावली, आणि इथे बसलेल्या प्रत्येकाच्या दारात मी लावून दिली. भावजी, तुमच्या फाटकावर आत्ता जाऊन बघा, काळे सुरवंट सापडतील. अख्ख्या वाडीत फक्त एका घरी दिली नाही. चिमाकाकी पदर पसरून आली होती, तिचा नवरा तापाने फणफणत होता, आणि मी चार अबोलीच्या झाडांसाठी तिला हाकललं. कौल लावायचाच असेल तर माझ्या नावाने लावा. विमला गोताड. मोठ्याने विचारा, मी इथेच उभी आहे."

मी रडत होते. आवाज मात्र स्टँडवर देते तसाच येत होता, त्याला इलाज नाही.

गुरव पुढे झाला आणि त्याने पाषाणावरच्या पाकळ्या एकेक करून काढून घेतल्या. भावजी म्हणाले, "अरे, विचारलं कुठे अजून?" तो म्हणाला, "आता देवीक इचारायचा काय ऱ्हवला?"

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी शिफाला फोन केला. "ते 'नाही' खोड. गुळवेल आहे. माझ्याच गडग्यावर." ती जराही रागावली नाही. म्हणाली, "खोडते." एवढंच.

मग कोयता घेतला. बुंधा मनगटाएवढा झाला होता. यांच्या शेवटच्या काढ्यासाठी आणलेल्या कांड्यांतलीच ही एक. पहिला घाव घालताना म्हटलं, अहो, माफ करा, फळं पडतात हो लोकांची. दुपारपर्यंत गडगा मोकळा झाला. यांनी रचलेले चिरे चार वर्षांनी दिसले.

एक कांडी ठेवली, हातभर, दारापाशी कुंडीत. भावजींचा निरोप आला, सगळी काढा, आणि कौल मोडल्याबद्दल देवीला पाच नारळांचा दंड. नारळ देवीला देईन, दहा देईन, पण दंड म्हणून एकही देणार नाही. आणि कांडी राहणार. रोज सकाळी उठून मी तिच्यावरचे सुरवंट स्वतः वेचीन. ज्याला बघायचंय त्याने येऊन बघावं.

२७ सप्टेंबर, शनिवार

चिमाकडे गेले. हातात बोटभर कांडी होती, ओल्या फडक्यात. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तिच्या दारात सगळं विसरले. नुसता हात पुढे केला.

तिने फडकं उघडून बघितलं. म्हणाली, "आता ही कुणासाठी गो?"

तिने कांडी माझ्या हातात परत ठेवली आणि माझी मूठ मिटवली. "त्या दिवशी तू माझ्या दारात नुसती येऊन बसली अस्तीस तरी चालला असता. वेल काय करायची व्हती." मग पाट सरकवला. या वेळी बसले.

तिने अंबाड्यातला दाभण काढून मला दिला, समोर सुकलेल्या विऱ्यांचा ढीग ओढला. माझं पहिलं टोपडं इतकं वाकडं झालं की तिला हसू आवरेना. म्हणाली, "तिकीट फाडायचा नाय हा, शिवायचा हाय." संध्याकाळपर्यंत सात झाली. माझ्या झाडावर आता उरलेल्या सात पपनसांना सात.

पतंग शिफाच्या कॉलेजच्या संग्रहात जाणार, त्यासाठी तिने चिठ्ठी पाठवलीय, त्याच्यासोबत कायमची राहणारी. कपाळाएवढीसुद्धा नाही, टिकलीपेक्षा थोडी मोठी. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. तिने तिथे माझं नाव लिहून पाठवलं होतं. मी ते खोडलं आणि वर लिहिलं, चिमा भागोजी मांडवकर. शिफा फोनवर म्हणाली, "ताई, पकडलं तुम्ही. नियमाने तुमचं नाव येतं."

म्हटलं, "नियम मला शिकवू नकोस. त्या जागेवर आधी कोण बसलं होतं ते मला माहीत आहे."